नक्कल बरहुकूम अस्सल

बँकेत माझ्या टेबलावर एकंदर सात रबरी शिक्के आहेत. त्यांतले सहा कुणीही उचलावेत आणि मारावेत, माझी हरकत नाही. सातव्याला मात्र मी कुणाला हात लावू देत नाही. त्याच्यावर 'मूळ प्रतीशी ताडून पाहिले' अशी अक्षरं आहेत. एका हातात झेरॉक्स, दुसऱ्या हातात मूळ कागद, नजर एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि मग धाड्‌! गेली बावीस वर्षं मी हा शिक्का मारतो आहे. आमच्या आजोबांच्या वेळच्या दस्तऐवजांवर 'नक्कल बरहुकूम अस्सल' असं मोडीवळणाच्या अक्षरात लिहिलेलं असायचं. शब्द भारदस्त होते, काम हेच होतं. त्यामुळे अस्सल कशाला म्हणावं आणि नक्कल कशाला, या विषयात आपल्याला आणखी कुणी काही शिकवील असं मला वाटत नव्हतं. बी. कॉम.ला तत्त्वज्ञान हा विषय नसतो. ती उणीव या शिक्क्याने भरून काढली होती.

गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं एका बुधवारी रात्री, आमटी-भाताच्या सुमाराला खाली आलं.

आमची कन्या अकरावीत आहे. त्या रात्री ती भात नुसता चिवडत होती आणि डोळे लाल झाले होते. मी बापाच्या आवाजात विचारलं, "काय झालं?"

"मैत्रिणीशी भांडण झालं."

"कशावरून?"

"ती म्हणते, मंगापेक्षा ॲनिमे भारी. मी म्हटलं, मंगा वाचल्याशिवाय बोलूच नकोस."

माझ्या आईला अलीकडे कमी ऐकू येतं. पण जेवढं येतं तेवढं ठामपणे येतं. तिचा घास हातातच थांबला. "मंगाला ॲनिमिया झाला?" ती म्हणाली. "तरीच परवा फोनवर आवाज खोल गेला होता तिचा. बीट खा म्हणावं, आणि खजूर."

मंगा ही आईची मामेबहीण. मुक्काम सातारा.

"अहो आई, मंगामावशी नव्हेत," सौभाग्यवती म्हणाली. "हे जपानचं काहीतरी आहे."

"जपानला कधी गेली ती?" आई म्हणाली. "मला बोलली नाही."

आईला मंगामावशीची खुशाली फोन लावून ऐकवली आणि मग आम्ही मूळ मुद्द्याकडे वळलो. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. जाडजूड, स्वस्त कागदावरच्या साप्ताहिकांतून आणि मासिकांतून ती क्रमशः छापली जाते, आणि लोकांना आवडली की तिचीच हलती-बोलती चित्रमालिका निघते. ती ॲनिमे. इथवर सोपं आहे. एक मूळ प्रत, एक नक्कल. मी मनातल्या मनात शिक्का उचललासुद्धा.

"पण बाबा," कन्या म्हणाली, "नक्कल करायला घेतली तेव्हा मूळ प्रत पूर्णच झालेली नसली तर?"

बावीस वर्षांत हा प्रश्न माझ्या खिडकीवर कुणी विचारलेला नव्हता. अर्धवट लिहिलेल्या भाडेकराराची झेरॉक्स घेऊन कुणी येत नाही.

मी अभ्यासाला लागलो. कन्येने एक मंगाचं पुस्तक दिलं, ते डोंबिवलीहून निघताना गाडीत उघडलं. हे पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. आपण ज्याला शेवटचं पान म्हणतो तिथे ते सुरू होतं. मी आपल्या सवयीने उघडलं, तर 'थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूने वाचताय' अशा अर्थाची पाटीच समोर आली. चाळिशी उलटलेल्या माणसाला असं कुणी छापील स्वरूपात सांगितलं की मन खट्टू होतं. मी पुस्तक फिरवलं. शेजारचे गृहस्थ दिव्यापर्यंत गप्प होते. मग राहवलं नाही. "साहेब, उलटं वाचताय," ते म्हणाले. पारसिकच्या बोगद्यात मला कळलं, की मूळ प्रतीशी इमानदार राहणं ही चारचौघांत फार लाजिरवाणी गोष्ट असते.

तर या व्यवहारातली अडचण मला पदवीमुळे लवकर समजली. साप्ताहिकात लिहिणारा-काढणारा लेखक आठवड्याला वीसेक पानं जमा करतो. ॲनिमेवाले आठवड्याला एक भाग दाखवतात आणि एका भागात सहज दोन-तीन प्रकरणं खर्ची पडतात. जमा एक, खर्च दोन. ही सरळसरळ ओव्हरड्राफ्टची केस आहे. खातं कधीतरी रिकामं होणारच. आता यावर उपाय काय? जपान्यांनी तीन काढले, आणि तिन्ही आमच्या बँकेत रूढ आहेत.

पहिला उपाय, आमटीत पाणी घालणे. 'ड्रॅगन बॉल' ही अकिरा तोरियामा यांची मंगा १९८४ ते १९९५ अशी चालली. तिच्या उत्तरार्धावरची 'ड्रॅगन बॉल झी' ही मालिका १९८९ साली सुरू झाली आणि मूळ लेखकाच्या पाठीला पाठ लावून धावू लागली. मग पात्रं एकमेकांकडे रोखून बघू लागली. मुठी आवळणं, घाम, वारा, पुन्हा मुठी. त्यातला फ्रीझा नावाचा दुष्ट एका प्रसंगी सांगतो, की हा ग्रह आता पाच मिनिटांत फुटणार. ती पाच मिनिटं जवळपास दहा भाग पुरली! कन्येला हे हास्यास्पद वाटतं. मला वाटलं नाही. 'पाच मिनिटांत येतो' अशी पाटी खिडकीवर ठेवून चहाला जाणाऱ्या माणसाला फ्रीझाचं घड्याळ समजतं. पुढे २००९ मध्ये त्याच कंपनीने ही २९१ भागांची मालिका घेतली, त्यातलं पाणी आटवलं आणि मंगेच्या जवळ जाणारी आटोपशीर मालिका पुन्हा दाखवली. म्हणजे नकलेचीच दुरुस्त नक्कल. आमच्याकडे अशा कागदाला एक वेगळी फाईल उघडावी लागते.

दुसरा उपाय, लेखकाची वाट न पाहता आपला शेवट आपण करणे. आणि तिसरा, मूळ गोष्ट संपत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सगळं करणे. हे दोन्ही उपाय एकाच गोष्टीवर झाले आणि त्यावरूनच आमच्या घरातला तो लाल डोळ्यांचा प्रसंग उद्भवला होता.

ती गोष्ट 'फुलमेटल अल्केमिस्ट'. तिच्या लेखिका हिरोमु अराकावा होक्काइदोतल्या दुभत्या जनावरांच्या शेतघरात वाढल्या, आणि स्वतःचं चित्र काढायचं झालं की चष्मा लावलेली गाय काढतात. मला हे फार आवडलं. आमच्या शाखेत असे कितीतरी जण आहेत, पण ते स्वतःला सिंह समजतात.

मंगा २००१ साली एका मासिकात सुरू झाली. २००३ मध्ये, गोष्ट जेमतेम रंगात येत असताना, तिचा ॲनिमे निघाला. पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून लेखिकेच्या संमतीने त्यांनी आपली वेगळी वाट धरली आणि ५१ भागांत आपला वेगळा, उदास शेवट केला. मंगा तिच्या चालीने चालत राहिली आणि २०१० मध्ये संपली. तोवर २००९ मध्ये त्याच स्टुडिओने 'ब्रदरहुड' या नावाने दुसरी मालिका काढली होती, मंगेच्या पावलावर पाऊल ठेवून. ती ६४ भागांची झाली आणि मंगेचं शेवटचं प्रकरण छापून आल्यावर महिन्याच्या आत तिचाही शेवटचा भाग दाखवला गेला. एक मूळ प्रत, दोन नकला, दोन शेवट. एकीवर शिक्का मारता येतो, दुसरीवर येत नाही. पण गंमत अशी, की जगभर ही जिच्यावर शिक्का मारता येत नाही तीच अधिक मनाला भिडते असं म्हणणारे लोकही पुष्कळ आहेत. कन्येची मैत्रीण त्यांपैकी.

गोष्टीचा गाभा ऐका. दोन लहान भाऊ आहेत. आई वारते. किमयेचं शास्त्र शिकलेली ही पोरं आईला परत आणायचं ठरवतात. माणसाच्या देहात काय काय असतं ते ते वजन करून मांडतात: ३५ लिटर पाणी, २० किलो कार्बन, दीड किलो चुना, असं करत पार मिठापर्यंत. त्या विद्येचा नियमच असा, की जेवढं द्याल तेवढंच मिळेल. मी हे वाचलं आणि बाकावर ताठ बसलो. हा तर द्विनोंदी पद्धतीचा नियम! १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोलीने जो छापला आणि बी. कॉम.ला आमच्या मानगुटीवर बसला, तोच. प्रत्येक नावेला जमा. पोरांची यादी बिनचूक, वजनं बिनचूक. ताळेबंद जुळला. आणि आई आली नाही. जे आलं ते आई नव्हतं. थोरल्याचा पाय गेला, धाकट्याचं सबंध शरीर गेलं.

माझा ताळेबंद तीन वेळा तीन रुपयांनी चुकला आहे आणि तिन्ही वेळा मी रात्री नऊपर्यंत बसून तो जुळवला आहे. ताळेबंद जुळला म्हणजे सगळं आलं, ही माझी बावीस वर्षांची श्रद्धा. तिला पहिला धक्का कळव्याजवळ बसला.

मग मी कन्येला म्हटलं, "त्यापेक्षा मूळ लेखकालाच नक्कल करायला सांगावी. म्हणजे वाद मिटला."

"तेही करून झालंय, बाबा," ती म्हणाली.

झालंय खरं. हायाओ मियाझाकी यांनी १९८२ साली 'नाउसिका' ही मंगा काढायला घेतली. वाऱ्याच्या खोऱ्यातल्या एका राजकन्येची गोष्ट. १९८४ मध्ये त्यांनी स्वतःच तिचा चित्रपट केला. तोवर मंगेची सुरुवातच झाली होती, म्हणून चित्रपट तेवढ्यावर, एका चमत्काराने, उजेडात संपतो. मियाझाकी मात्र अधूनमधून ती मंगा काढतच राहिले, ती थेट १९९४ पर्यंत. सात खंड झाले. आणि त्यांचा शेवट चित्रपटाइतका सोपा राहिला नाही. तिथे त्याच राजकन्येला एक जड सत्य पोटात ठेवून लोकांसमोर उभं राहावं लागतं. माणूस तोच, हात तोच, राजकन्या तीच. चित्रपट केला तेव्हा वय ४३, मंगा संपवली तेव्हा ५३. मधल्या दहा वर्षांत जे काही होतं ते झालं.

आता यातला अस्सल मियाझाकी कोणता? ४३ वर्षांचा की ५३ वर्षांचा? मी ४६ वर्षांचा आहे, तेव्हा हा प्रश्न मला परक्याचा वाटेना. माझ्या लग्नातली भाषणं ज्यांनी ऐकली आहेत ते मला आजही माझ्या मतांची आठवण करून देतात. ती माझीच होती, हे मला नाकारता येत नाही. पण कुणी ती मूळ प्रत मानून आजच्या मला तिच्याशी ताडू लागलं, तर माझ्यावर शिक्का बसणार नाही.

हा झाला मूळ आणि नक्कल यांचा भाग. वय हा दुसरा.

कन्येचं म्हणणं असं, की मंगा म्हातारी होत नाही, ॲनिमे होतो. का? तर मंगा काळी-पांढरी आणि मुकी. पात्रांना आवाज आपण देतो. वेगही आपलाच. मारामारी चार सेकंदांत उरकायची की एका डोळ्याच्या चित्रावर मिनिटभर थांबायचं, हे वाचणारा ठरवतो. त्यामुळे दर नव्या वाचकाबरोबर तिला नवा आवाज मिळतो. ॲनिमेला रंग असतो, गाणी असतात, पडद्याचा चौकोनी आकार असतो, नटाचा गळा असतो. तो आपल्या सालाशी खिळ्याने ठोकलेला असतो.

ओसामु तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' घ्या. मंगा १९५२ ची. तिची मालिका १ जानेवारी १९६३ ला जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि १९३ भाग चालली. पैसा थोडा, वेळ त्याहून थोडा. तेझुकांनी चित्रांची संख्याच कमी केली. माणूस बोलताना ओठ तेवढे हलवायचे, बाकी चेहरा स्थिर. आणि एकदा काढलेली उडण्याची, धावण्याची चित्रं जपून ठेवायची आणि पुन्हा पुन्हा काढून वापरायची. या साठ्याला ते काय म्हणत असत? बँक! मी हे वाचून घरात सगळ्यांना हाक मारली. जपानी ॲनिमेच्या मुळाशी बँक आहे. ठेव ठेवा, गरजेला काढा, पुन्हा ठेवा. आमच्या क्षेत्राची ही कामगिरी आमच्या वार्षिक अहवालात कधी आली नाही.

तर तो १९६३ चा मुलगा आज पाहिला, की काळ्या-पांढऱ्या पडद्यावर अडखळत चालतो. म्हणून १९८० मध्ये त्याला रंगीत केला. २००३ मध्ये पुन्हा नवा केला. २००३ च का? तर मूळ गोष्टीत या यंत्रमानवाचा जन्म ७ एप्रिल २००३ रोजी होतो असं लिहिलं होतं. लिहिलं तेव्हा ते साल म्हणजे दूरचं भविष्य होतं. मग ते आलं आणि गेलंही. मूळ प्रत म्हातारी होत नाही असं कन्या म्हणते, ते इथे मला पुरतं पटलं नाही. पानं तीच राहतात, पण पानांतलं उद्या मात्र काल होऊन बसतं. आमच्याकडच्या जुन्या मुदतठेवींच्या पावत्यांवर 'मुदत पूर्ण दिनांक' म्हणून असंच एखादं लांबचं साल असतं.

शिवाय मूळ प्रत काढणारा हातही म्हातारा होतोच. एइइचिरो ओदा यांनी 'वन पीस' १९९७ साली सुरू केली, तेव्हा ते २२ वर्षांचे होते. पहिल्या खंडातला नायक आणि शंभराव्या खंडातला नायक शेजारी ठेवून पाहा. टोपी तीच, रेघ तीच नाही. तिचा ॲनिमे १९९९ पासून चालला, भागांची संख्या अकराशेवर गेली, आणि २०२३ साली तीच गोष्ट पहिल्यापासून पुन्हा करायची म्हणून आणखी एका मालिकेची घोषणा झाली. मूळ अजून पुरं व्हायचंय आणि नक्कल नव्याने सुरू!

मात्र या साऱ्यांत माझा जीव जडला तो 'साझाए-सान'वर. माचिको हासेगावा या बाईंची ही घरगुती चित्रमालिका १९४६ ते १९७४ अशी वर्तमानपत्रांतून येत होती. तिचा ॲनिमे ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाला. तो दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला लागतो आणि इतकी वर्षं चालल्याबद्दल गिनेसच्या पुस्तकात आहे. घरातल्या सगळ्यांची नावं समुद्रातली. नायिकेचं नाव शंखावरून, भावाचं माशावरून, बहिणीचं शेवाळावरून. हे घर ॲनिमेत एका दिवसानेही मोठं होत नाही. पाचवीतला भाऊ अर्धशतकाहून अधिक काळ पाचवीत आहे. आमच्या वर्गातही एक होता, पण त्याला शेवटी शाळेने सोडलं.

रविवारी संध्याकाळी हा कार्यक्रम लागला की उद्या सोमवार, उद्या कचेरी, या विचाराने जपानी माणसाचं पोट खड्ड्यात जातं. त्याला तिथे 'साझाए-सान विकार' असंच नाव आहे. मी हे सौभाग्यवतीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुम्हाला तर तो कार्यक्रम न बघता होतो."

त्या घरातले वडील नामिहेई. डोक्याच्या माथ्यावर एकच केस. वय ५४, कारण त्या काळच्या जपानात ५५ ला निवृत्ती असे. या नामिहेईंना १९६९ पासून इचिरो नागाई नावाच्या नटाने आवाज दिला. तेव्हा नागाई होते ३८ वर्षांचे. म्हणजे आपल्याहून सोळा वर्षांनी मोठ्या माणसाचं सोंग ते आणत होते. हळूहळू ते ५४ चे झाले. त्या वर्षी नट आणि पात्र एका वयाचे होते. मग नट पुढे गेला, पात्र मागे राहिलं. २०१४ च्या जानेवारीत, वयाच्या ८२ व्या वर्षी नागाई वारले, तोपर्यंत ते ५४ वर्षांच्या माणसाचा आवाज देत होते. त्यांच्यानंतर तो आवाज दुसऱ्याने घेतला. नामिहेई आजही ५४ चे आहेत आणि निवृत्तीला एक वर्ष बाकी आहे.

मी ही हकीगत वाचली आणि पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो. गाडी कोपरच्या खाडीवर होती की ठाकुर्लीला, ते कळलं नाही. डोंबिवली गेली, एवढं मात्र नक्की. कल्याणहून परत यावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, चाळिशीतल्या माणसाला या पोरखेळाचं काय एवढं? पण आपण सगळेच यात आहोत. मी नववीत असताना, १९९३ साली, रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा. तो जपानी ॲनिमे होता हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. हिंदीत बोलणारा मोगली आमचाच. शेरखानला तर नाना पाटेकरांचा आवाज होता, तेव्हा तो कोकणातला असणार अशी माझी समजूत होती. पुढे कॉलेजात किपलिंगचं १८९४ चं मूळ पुस्तक हाती आलं आणि माझी पहिली प्रतिक्रिया अशी झाली, की किपलिंगसाहेबांनी बरंच बदललंय! आमच्या कन्येची गतही तीच. तिच्या लहानपणी घरात डोरेमॉन चालू असायचा आणि ती आजीशी हिंदीत भांडायची. जपानमध्ये १९७९ पासून डोरेमॉनला आवाज देणाऱ्या नोबुयो ओयामा २००५ मध्ये निवृत्त झाल्या, तेव्हा नवा आवाज परका वाटलेली माणसं तिथे असतील. आमच्या कन्येला त्या दोघींचेही आवाज नकली वाटतात. तिचा अस्सल डोरेमॉन हिंदी बोलतो. दहाव्या वर्षी जे पहिल्यांदा भेटतं ते अस्सल, असा काहीतरी या जगाचा कायदा दिसतो. तो कुठल्याही शिक्क्यावर कोरलेला नाही.

हे असं डोक्यात घोळत असताना नोव्हेंबर उजाडला. पेन्शनरांनी हयातीचा दाखला देण्याचा हा महिना. माणूस स्वतःच्या पायांनी येतो, खिडकीत उभा राहतो, खोकतो, आणि आपण जिवंत असल्याचा फॉर्म भरून देतो. एक वृद्ध गृहस्थ दाखला देऊन झाल्यावर पैसे काढायच्या स्लिपवर सही करून थांबले. मी पडद्यावर त्यांची नमुना सही काढली. १९९१ ची. काय सही होती! पल्लेदार, शेवटी शेपटी वर भिरकावलेली, एखाद्या तरुणाने जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढावा तशी. स्लिपवरची सही त्याच जिन्यावरून कठड्याला धरून उतरत होती.

"आजोबा, सही जुळत नाही," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा केली. आणखी वाकडी झाली. तिसऱ्यांदा केली. मागे रांग चुळबुळू लागली.

"साहेब," ते म्हणाले, "ती पण मीच केली होती, आणि ही पण मीच करतोय. मध्ये चौतीस वर्षं गेली, एवढंच."

मी म्हटलं, ओळखपत्र आणा, नवीन नमुना घेऊ. ओळखपत्र घरी राहिलं होतं. "मग उद्या या," मी म्हटलं. ते काही बोलले नाहीत. स्लिपची चौपदरी घडी केली, खिशात घातली आणि गेले.

नियमाने मी बरोबर होतो. आजही मी तो नियम मोडा असं म्हणणार नाही. खोट्या सह्या करणारे लोक असतात आणि त्यांच्या सह्या, खरं सांगायचं तर, फार सुंदर जुळतात. पण त्या गृहस्थांना मी बारा वर्षं ओळखतो. दर महिन्याला ते खिडकीत आल्याबरोबर माझ्या आईची चौकशी करतात. त्या दिवशीही केली होती. मला उठून साहेबांच्या टेबलाशी जाता आलं असतं, "यांना मी ओळखतो" एवढं म्हणता आलं असतं. पुढे साहेबांनी काय ते ठरवलं असतं. मी उठलो नाही. त्या दोन भावांचा ताळेबंद जुळला होता आणि आई आली नव्हती. माझ्यापुढे उलटं होतं. सही जुळत नव्हती आणि माणूस आलेला होता. मी सही बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सुनेला घेऊन आले. नवा नमुना घेतला, मीच कागद फिरवले, मीच शाई पुसली. आईची चौकशी त्यांनी त्या दिवशी केली नाही. कदाचित विसरले असतील. मीच आपणहून सांगितलं, आई बरी आहे म्हणून. ते "बरं, बरं" म्हणाले.

रात्री जेवताना मी कन्येला हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, मी त्या २००३ वाल्या मालिकेला उगाच नावं ठेवली. त्यांच्याकडे तेव्हा पुढचं नव्हतंच ना. होतं तेवढं नीट सांभाळलं आणि पुढचं स्वतःच्या मनाने केलं. खोटं नाही केलं त्यांनी." मैत्रिणीला तिने फोन केला होता म्हणे.

मी मान डोलावली. ही मुलगी झाली तेव्हा मी तिशीत नुकता शिरलो होतो. माझी स्वतःचीच किती प्रकरणं तेव्हा छापून व्हायची होती, आणि अजून आहेत. तिने सी. ए. व्हावं हे मी तिच्या बारशापासून ठरवलेलं. अलीकडे ती हिशेबाच्या वहीच्या समासात डोळे काढत असते. मोठे मोठे, पाणीदार, एकेक जण मिनिटभर थांबून पाहील असे. त्या दिवशी मी ती वही उचलली, सवयीने बेरीज तपासली. बरोबर होती. मग समास पाहिला. वही तशीच जागेवर ठेवली.

"काय गं," आई पलीकडून म्हणाली, "मंगाचं काय झालं शेवटी?"

"संपली आजी. २०१० मध्येच."

आईने कपाळाला हात लावला. मी उठून पुन्हा साताऱ्याला फोन लावला.